भट्टीवरच्या माणसाचा वास

कुत्रा यांचा होता, माझा नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की बाई मोठी प्राण्यांवर जीव टाकणारी. छे! माझा अन् त्याचा छत्तीसचा आकडा. मी अंगण झाडावं अन् त्यानं तिथंच माती उकरावी. मी पापड वाळत घालावेत अन् त्यानं शेपूट हलवत त्यांच्यावरून जावं. पिल्लू होता तेव्हाच त्याच्या भुवया पांढऱ्या होत्या, म्हणून माझा नवरा त्याला ‘म्हाताऱ्या’ म्हणायचा. तेच नाव पडलं, अन् पुढे तो खराच म्हातारा झाला.

कोरोनाची दुसरी लाट आली तोवर त्याच्या दोन्ही डोळ्यांवर निळसर साय धरली होती. दिसणं संपलंच होतं. कानही गेल्यातच जमा. स्टीलचं ताट पडलं तर मान वळवी, हाक मारली तर नाही. पण आमच्या घरात कुणी पाहुणा आला तर कुत्रा आंधळा आहे हे त्याला सांगावं लागे. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामधलं आमचं कंपनीचं क्वार्टर, खालच्या मजल्यावरचं. पुढे अंगण, मागे पडवी. तो पडवीतून उठे, दिवाणाचा कोपरा बरोबर चुकवी, फ्रीजच्या अंगानं वळे अन् स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन हजर. माठाजवळ ओल्या मातीचा वास, ओट्याखाली तेलाचा, दिवाणाखाली जुन्या गोधडीचा. सगळं घर त्याच्या नाकात मांडून ठेवलेलं होतं.

अन् त्या घरात सगळ्यात मोठा वास यांचा.

हे कोक ओव्हनवर कामाला. बंद भट्टीत दगडी कोळसा भाजून त्याचा कोक करतात, त्या भट्ट्यांच्या माथ्यावर यांची ड्यूटी. त्या माणसांच्या अंगाला एक वास असतो. डांबर, धूर अन् ट्रंकेतल्या डांबरगोळ्या एकत्र कुटल्यासारखा. साबणानं जात नाही. उशीत मुरतो, टॉवेलात मुरतो, कपाटातल्या शालूलाही सोडत नाही. लग्न होऊन भंडाऱ्याकडून इथे, या हिंदी मुलखात आले अन् पहिल्यांदा माहेरी गेले, तेव्हा आईजवळ रडले होते. म्हटलं, “माय, या माणसाले डांबराचा वास येते वं.” आई म्हणाली, “पगाराचा वास हाय तो. सवय कर.” सवय कसली होते! मी नियम केला. डांगरी, म्हणजे प्लांटातला तो जाड निळा पोशाख, घरात आणायची नाही. मागच्या दारानं यायचं, पडवीत उतरवायची, नळाखाली आंघोळ करायची अन् मग माणसात यायचं. मी ती डांगरी काठीनं उचलून बादलीत टाकत असे. म्हातारा मात्र त्याआधी तिच्यात तोंड खुपसून उभा राही, जसं काही कुणी अत्तराचा फाया धरला आहे.

त्या एप्रिलात हे काही दिवस ताप अंगावर काढत राहिले. मी ओरडले, काढा पाजला, पुन्हा ओरडले. शेवटी श्वास लागायला लागला तेव्हा ऐकलं. दुपारी गाडी आली. पांढरे प्लास्टिकचे झगे घातलेली दोन माणसं उतरली. त्यांचे चेहरे दिसत नव्हते. अंगणात ऊन इतकं होतं की ती माणसं कडेनं विरघळल्यासारखी दिसत होती. हे स्वतःच्या पायानं चालत गेले. फाटकापाशी थांबले अन् मला म्हणाले, “म्हाताऱ्याले पाहजो. पोळी दुधात मोडून देजो, कोरडी नाही खात तो.”

“बाप्पा!” मी म्हटलं. “बायकोची चिंता नाही, कुत्र्याची चिंता!”

हे हसायला गेले अन् खोकला आला. हसणं तसंच अर्धं राहिलं अन् गाडीचं दार लागलं. म्हातारा अंगणाच्या मधोमध उभा राहून हवा हुंगत होता. गाडीतून उतरलेल्या औषधाचा वास अजून तिथंच होता बहुतेक.

भीती वाटली की काही बायका रडतात. मी धुते. गाडी वळणावरून गेली अन् मी पदर खोचला. यांचे सगळे कपडे उकळत्या पाण्यात टाकले, शर्ट, पँटी, बनियन, पडवीतली डांगरी, रुमालसुद्धा. उशा उन्हात टाकल्या, गोधड्या धुतल्या, चादरी बदलल्या. फरशी फिनाइलनं पुसली, मग ब्लीचिंग पावडरनं, मग पुन्हा फिनाइलनं. दाराच्या चौकटी, खिडक्यांचे गज, दिवाणाचे पाय, काही सोडलं नाही. बाहेरून फवारणीवालेही येऊन गेले. मग माझी नजर म्हाताऱ्यावर गेली. त्यालाही कडुनिंबाच्या पाण्यानं घसाघसा आंघोळ घातली. तो थरथरत उभा राहिला, पण गुरगुरला नाही. संध्याकाळपर्यंत घर असं लखलखीत झालं की दवाखान्यानं येऊन शिकून जावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा दिवाणाच्या कोपऱ्यावर आदळला. मला वाटलं, झोपेत असेल. मग फ्रीजवर आदळला. मग बैठकीत भिंतीला नाक लावून उभा राहिला. एखादं पोरगं शाळेत शिक्षा झाल्यावर उभं राहतं ना, तसा. किती वेळ उभा होता कोण जाणे, मी भांडी घासून आले तरी तिथंच. तिथून मागे वळायचं कसं हेच त्याला कळत नव्हतं. मी चरफडले, “अरे लेका, दार तिकडं हाय!” अन् तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी त्याचं घर पुसून टाकलं होतं. भिंती होत्या, दारं होती, पण त्याच्यासाठी तिथे फक्त ब्लीचिंगचं एक मोठं पांढरं मैदान होतं. अन् त्या मैदानात तो ज्याला शोधत होता त्या माणसाचा एक धागासुद्धा मी ठेवला नव्हता.

त्यानं खाणं सोडलं. दूध-पोळी ठेवली, हुंगून तोंड फिरवलं. अंडं उकडून दिलं, नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी फाटकाला डबा अडकवून ठेवला होता, त्यातलं मटण दिलं. आमच्याकडे मटण हे घरी असतानाच शिजायचं, तरी नाही. तो बैठकीच्या कोपऱ्यात पडून राहिला. पोट आत गेलं, फासळ्या वर आल्या.

दवाखान्यातून यांचा फोन येई. तोंडावर मास्क, बोलणं तुटक, दोन शब्दांत दम लागे. आमची लेक हैदराबादला अडकलेली, तिच्याशीही ते इतकंच बोलत की मी बरा आहे. मला मात्र पहिला प्रश्न ठरलेला.

“म्हातारा जेवला?”

“जेवला न,” मी म्हणे. “तुमच्यापेक्षा जास्त जेवते तो.”

“दे त्याले फोन.”

मी फोन त्याच्या कानाशी धरी. हे पलीकडून घोगऱ्या आवाजात “ए म्हाताऱ्या, ए लेका” करत. म्हाताऱ्याचा कान हलत नसे. मी इकडून सांगे, “शेपूट हलवून राहिला पाहा.” यांनी तिकडून मोठा श्वास घेतल्याचं ऐकू येई अन् मग नर्स फोन ठेवायला सांगे.

खरं सांगते, त्या दिवसांत मला देवापेक्षा त्या कुत्र्याची भीती वाटायला लागली. हा मेला तर मी यांना काय सांगू? जो माणूस ऑक्सिजनवर पडून एकच गोष्ट विचारतो, त्याला ती गोष्ट संपली असं कोणत्या तोंडानं सांगू? अन् त्याच्याहून वेडं काहीतरी मनात घर करून बसलं होतं. हा जगला तर हे जगतील. असं काही नसतं, मलाही कळतं. पण रिकाम्या घरात माणसाचं डोकं दुसरं काय करणार?

मग मला युक्ती सुचली. ट्रंक उघडली अन् गरम कपड्यांमधून डांबरगोळ्या काढल्या. यांचा वास असाच ना? गोळ्या फडक्यात घट्ट बांधल्या अन् त्याच्या नाकासमोर धरल्या. म्हातारा सटासट शिंकला, उठला अन् धडपडत दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पाठ करून बसला. असा अपमान माझ्या सासूनंही कधी केला नव्हता. मी रागानं ते फडकं स्वतःच्या नाकाशी नेलं, म्हटलं एवढं काय वाईट आहे पाहू तरी.

काहीच नाही. वासच नाही.

मी आणखी जोरात हुंगलं. स्वयंपाकघरात गेले, हिंगाची डबी उघडली, नाही. देवापाशी कापूर जाळला, डोळ्यांत पाणी आलं पण वास नाही. फिनाइलच्या बाटलीवर नाक ठेवलं, जणू पाणी. तेव्हा समजलं की मलाही झाला. ताप अंगात होताच, मी त्याला दमणूक समजत होते. दवाखान्यातले लोक तपासायला आले, चाचणी केली, गोळ्यांचं पाकीट दिलं, घरातच राहा म्हणाले अन् फाटकाला आडवा बांबू बांधून गेले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गॅलरीतून हाक मारली, “भाभी, कुत्ते को बाहर कर दो, ये भी फैलाता है बोलते हैं.” मी म्हटलं, “बीमारी मेरे को है, उसको नहीं. पहले मेरे को बाहर करो.” त्या आत गेल्या. डबा मात्र त्या दिवशीही आला, माणसं वाईट नव्हती.

त्या दिवशी मी यांच्या कामावरच्या जोडीदाराला फोन लावला. खुर्सीपारला राहतो. यांच्याच पाळीत, यांच्याच भट्टीवर. घरी आला की मला भाभी म्हणून वाकून नमस्कार करतो अन् मी त्यालाही पडवीतच बसवते, डांगरीच्या नियमामुळे. त्याला म्हटलं, “भैया, इनके लॉकर में डांगरी होगी क्या? बिना धोई?”

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग म्हणाला, “भाभी, डांगरी? आप मांग रही हो?”

“हां, मैं मांग रही हूँ. हँसो मत.”

तो हसला नाही. मी का मागते आहे ते सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाला, “कल लाता हूँ.” दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर त्याची स्कूटर फाटकापाशी थांबली. त्यानं लांबूनच हात केला. “गेट पे टांग दिया हूँ भाभी. एकदम कड़क महक रही है.”

बांबूवर एक काळपट निळं ओझं लोंबत होतं. कॉलर मेणासारखी कडक झालेली, काखेत मिठाचे पांढरे नकाशे. मी ती दोन्ही हातांनी उचलली अन् छातीशी धरून पुढच्या दारानं घरात नेली. नाकाशी नेऊन पाहिली. काही नाही. ज्या वासानं माझा अर्धा जन्म डोकं उठवलं, तो माझ्या हातात होता अन् मला येत नव्हता. मला इतका राग आला की सांगता येत नाही. कुणाचा राग, तेही सांगता येत नाही.

मी उंबरा ओलांडला नाही तोच कोपऱ्यातून म्हाताऱ्याचं डोकं वर आलं. तो उठला. खुर्चीला धडकला, दिवाणाला धडकला, पण थांबला नाही. माझ्या पायांशी आला अन् डांगरीची लोंबणारी बाही त्यानं तोंडात धरली. मी ती खाली अंथरली. त्यानं काखेत नाक खुपसलं, मग कॉलरीत, मग खिशात. गोल गोल फिरला, एकदा, पुन्हा एकदा, अन् बरोबर छातीच्या जागी अंग टाकून दिलं. केवढा मोठा श्वास सोडला त्यानं! घरातलं कुणीतरी कामावरून थकून आल्यासारखा.

मी दुधात पोळी मोडली. घाईत अर्धं दूध जमिनीवर सांडलं. त्यानं आधी जमिनीवरचं चाटलं, मग वाटीतलं. मी तिथंच भिंतीला टेकून बसले अन् मोठ्यानं रडले. यांना नेलं तेव्हा रडले नव्हते, स्वतःला झाला तेव्हा नाही, अन् कुत्र्यानं दूध प्यायलं तर रडले. असं असते बाप्पा माणसाचं.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, म्हणजे आठवतात पण पाण्याखालून पाहिल्यासारखे. माझा ताप चढे अन् उतरे. बाहेर उष्ण वाऱ्याची लू वाहायची, रस्त्यावर ना बस ना शाळेच्या रिक्षा, नुसती डांबराच्या वर हलणारी हवा. गुलमोहर फुलून आला होता अन् त्याखालून कुणी जात नव्हतं. तरी प्लांट चालू होता, तो थांबत नाही. या भट्ट्या एकदा थंड पडल्या की विटाच फुटतात म्हणे. जग बंद झालं तरी त्या पेटत्या ठेवाव्या लागतात. दूरवर धपापल्यासारखा आवाज येत राही, अन् कोक विझवला की झाडांच्या माथ्यावर पांढऱ्या वाफेचा ढग उठे, मोठा होई अन् हळूच नाहीसा होई. मी खिडकीतून तो पाहत पडून राही. यांना लावलेला ऑक्सिजनही आपल्याच प्लांटातला, असं हे फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगत. दम लागला तरी तोरा कमी नाही.

कूलरचा आवाज चालू असे अन् मी जमिनीवर, म्हाताऱ्याशेजारी. आधी जरा अंतर ठेवून, मग अंतर राहिलं नाही. डांगरीची एक बाही त्याच्याकडे, एक माझ्याकडे. तो हुंगे तेव्हा त्याच्या फासळ्या वर येत अन् मी त्याच्याकडे पाहून आठवायची. आता आला असेल तो डांबराचा, आता घामाचा, आता तंबाखूचा, जी हे माझ्यापासून लपवून खात. माझं नाक गेलं होतं, म्हणून मी त्याचं नाक वापरत होते. कधी त्याला विचारे, “काय म्हणते रे? कसे हायेत?” तो डोळे मिटूनच असे, तसंही उघडे ठेवून त्याला काय फरक! पण शांत झोपला असला तर मी समजे, बरे आहेत.

स्वप्नं पडत. एकदा घरभर तो पांढरा ढग भरला होता अन् हे भट्टीच्या माथ्यावरून चालत होते, मागे म्हातारा, तरणा, डोळे काळेभोर. मी खालून ओरडत होते की पाय भाजतील. हे वरून म्हणाले, “थंड हाय वं, ये.” मी चढले तर ती आमची पडवी निघाली. अन् स्वप्नात मला वास आला. अगदी तोच. जागी झाले, डांगरी नाकाशी ओढली, अन् पुन्हा काही नाही.

ताप उतरलेल्या एका सकाळी मी एक काम केलं. फिनाइलची बाटली मोरीत ओतून टाकली. फरशी नुसत्या पाण्यानं पुसली. मग डांगरीची बाही हातात घेतली अन् गुडघ्यांवर बसून घरभर फिरले. कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर, दाराच्या चौकटीला ती घासली. दिवाणाच्या पायाला घासली, फ्रीजच्या कडेला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला, पडवीच्या पायरीला. ज्या घरात ती डांगरी कधी शिरू दिली नाही, त्या घराला मी तिनं पुसून काढलं. पाहणारं कुणी असतं तर म्हटलं असतं, ताप मेंदूत गेला बाईच्या. दुपारी म्हातारा उठला. पहिल्या चौकटीशी थांबला, हुंगलं, वळला. दुसऱ्या चौकटीशी थांबला, हुंगलं. अन् कुठेही न आदळता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला, जेवायला.

त्या संध्याकाळी फोनवर “म्हातारा जेवला?” विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा पुरतं खरं उत्तर दिलं. यांना फरक कळला नाही, मला कळला.

हे घरी आले ते मे सरत असताना. मी बरी झाले होते, वासही हळूहळू परत येत होता. आधी कापूर, मग कांदा, मग दूध उतू गेल्याचा. डांगरीचा मात्र मला आलाच नाही. तोवर उडून गेला असेल, किंवा म्हाताऱ्यानं सगळा पिऊन टाकला असेल.

हे रिक्षातून उतरले तर मी क्षणभर ओळखलंच नाही. दवाखान्यातून दिलेली नवी चप्पल, कपडे अंगावर टांगल्यासारखे, दाढी पांढरी. फाटकाचा आधार घेऊन उभे राहिले अन् हाक मारली. हाक कसली, आवाज घशातच घासला गेला. म्हातारा अंगणात होता. त्यानं नाक वर केलं. पुढे आला, चप्पल हुंगली, पँटीची कड हुंगली, यांनी खाली केलेला हात हुंगला. अन् मागे सरून गुरगुरला. दात दाखवून. येऊन माझ्या पायांसमोर आडवा उभा राहिला.

“मी हाय रे,” हे म्हणाले. “मी हाय न.”

तो भुंकला. चोरावर भुंकतात तसा.

माझं डोकंच फिरलं. “अरे आंधळ्या, उपाशी मरत होतास ज्याच्यासाठी, तोच उभा हाय न समोर!” मी हात उगारला. यांनी माझा हात धरला. हातात जोर नव्हता, तरी धरला. “मारू नको. त्याचं नाकबी म्हातारं झालं. जोराचा वास असन तरच समजते त्याले. मले दवाखान्याचा वास येऊन राहिला असन.” मग पायरीवर बसले अन् रडले. भट्टीवर जळालेला हात घेऊन घरी आले होते एकदा, तेव्हाही न रडलेला माणूस.

मी म्हटलं, होईल. घाम येईल, ड्यूटीवर जातील, वास धरेल, तो ओळखेल. दोघांनाही तसंच सांगत राहिले. पण तपासणी झाली अन् डॉक्टरांनी यांच्या छातीच्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं. भट्टीवर आता जायचं नाही, म्हणाले. कधीच नाही. यांना स्टोअरमध्ये टाकलं, जनरल शिफ्ट, पंख्याखाली खुर्ची. संध्याकाळी घरी येत तेव्हा शर्टाला कागदाचा अन् चहाचा वास असे. पुढच्या दारानं येत. मी अडवत नसे. तो डांबराचा माणूस आता कुठूनच यायचा नव्हता, मागच्या दारानंही नाही.

एकदा मीच म्हटलं, “तीच डांगरी घालून बसा न त्याच्यापाशी. एकदाचा ओळखन तरी.” यांनी घातली. आत अजून एक माणूस मावला असता. म्हातारा धावत आला, शेपूट जोरजोरात, कितीतरी महिन्यांत तशी हलवली नव्हती. बाही हुंगत हुंगत वर गेला, अन् बाहीतून बाहेर आलेल्या हाताशी पोचला. थांबला. पुन्हा बाही हुंगली, पुन्हा हात. शेपूट हळूहळू थांबली. मला पाहवेना. यांनी डांगरी उतरवली, नीट घडी घातली अन् त्याच्या जागेवर ठेवली. म्हणाले, “फसवायचं नाही त्याले.”

पुढे तो यांच्या हातचं खायला लागला. पोळी मोडून दिली की हळूच घेई, बोटांना दात न लावता. पाहुण्याकडून घ्यावी तशी. डोक्यावर हात फिरवू देई. भला माणूस आहे, इतकं त्याला पटलं असावं. पण पाळी सुटायची वेळ झाली की उठे, डांगरीवर जाऊन बसे, तोंड मागच्या दाराकडे करी अन् नाक वर धरून वाट पाही. हे त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलेले असत.

एक संध्याकाळ आहे. प्लांटकडचं आभाळ तांबडं झालेलं, पडवीत मी गवारीच्या शेंगा निवडत होते. म्हातारा डांगरीवर, मागच्या दाराकडे तोंड करून. हे पायरीवर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, त्याच्याकडे पाहत. चार पायऱ्या चढले की अजून दम लागायचा यांना.

मग हे म्हणाले, “ज्याची वाट पाहून राहिला न हा, मीबी त्याचीच पाहून राहिलो वं.”

शेंगा माझ्या हातातच राहिल्या. मग माझा मेला स्वभाव मदतीला आला.

“पाहा मग दोघंबी वाट,” मी म्हटलं. “माहा माणूस तर आला.”